केस, तात, नायलॉन : बासच्या दोऱ्याचा आणि त्याच्या गाठींचा इतिहास

२ जून १९३२. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, ऑक्मल्गी नदीच्या सोडून दिलेल्या वळणात साचलेल्या मॉन्टगोमेरी तळ्यावर जॉर्ज पेरी नावाच्या तरुण शेतकऱ्याच्या गळाला एक लार्जमाउथ बास लागला. वजन भरले २२ पौंड ४ औंस, म्हणजे दहा किलोंहून किंचित अधिक. महामंदीचे दिवस होते. वजनाची नोंद झाली आणि मासा घरी शिजला. तो विक्रम पुढे ७७ वर्षे कोणाला गाठता आला नाही.

२ जुलै २००९ रोजी जपानच्या बिवा सरोवरात मानाबु कुरिता यांनी १०.१२ किलोंचा बास पकडला. पेरीच्या माशाहून तो जड होता, पण एका औंसानेही नाही. जुना विक्रम मोडायला किमान दोन औंसांची आघाडी हवी, असा नियम असल्याने आज दोन्ही नावे बरोबरीने लिहिली जातात.

मासे जवळजवळ सारखे. मधल्या काळात बदलला तो दोरा. पेरीने मासा ओढला तेव्हा नायलॉन या वस्तूचा जन्म व्हायचा होता. कुरितांच्या वेळी नायलॉनही जुने झाले होते आणि त्याच्या जोडीला दोन नवे कृत्रिम दोरे आले होते. हा बदल केवळ दुकानातल्या मालाचा नव्हता. दर वेळी नवा दोरा आला आणि जुन्या गाठी निकामी झाल्या. बोटांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले ज्ञान काही वर्षांत पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागले.

आरंभी नावाचा एक खुलासा. येथील बास म्हणजे उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातला ‘ब्लॅक बास’. लार्जमाउथ आणि स्मॉलमाउथ या त्याच्या दोन प्रसिद्ध जाती. कोकणच्या खाड्यांतल्या जिताड्यालाही इंग्रजीत ‘सी बास’ म्हणतात खरे, परंतु त्या दोघांचे कूळ वेगळे. दुसरा शब्द ‘लीडर’. मुख्य दोरा आणि गळ यांच्यामध्ये जोडलेला, हात-दोन हात किंवा त्याहून लांब असा वेगळ्या जातीचा तुकडा म्हणजे लीडर. हा तुकडा का लागतो, या प्रश्नात सारा इतिहास सामावला आहे. दोरा बळकट हवा, मऊ हवा, आणि माशाला दिसता कामा नये. हे तिन्ही गुण पूर्णपणे एकाच पदार्थात आजवर कोणाला मिळालेले नाहीत. म्हणून दोन पदार्थ एकमेकांना बांधावे लागतात, आणि बांधले की तुटण्याची जागा ठरून जाते. ती जागा म्हणजे गाठ.

हा पेच फार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला ग्रीक लेखक प्लूटार्क प्राण्यांच्या हुशारीविषयी लिहिताना मासे गरवणाऱ्यांच्या सवयींचा उल्लेख करतो. दोरा घोड्याच्या शेपटीच्या केसांचा असावा आणि त्यात गाठी कमीत कमी असाव्यात. केस घोड्याचे घ्यावेत, घोडीचे नकोत, कारण मूत्राने भिजून घोडीचे केस कमजोर होतात. आणि गळाजवळच्या भागात पांढरे केस वापरावेत, म्हणजे ते पाण्याच्या रंगात मिसळून जातात. पांढऱ्या केसांचा तो शेवटचा भाग म्हणजे लीडरच.

इंग्लंडमध्ये १४९६ साली विन्किन द वर्ड या मुद्रकाने गळाने मासे धरण्याच्या कलेवर एक प्रबंध छापला. डेम ज्युलियाना बर्नर्स या मठाधिपती स्त्रीचे नाव परंपरेने त्याला चिकटले आहे. पुरावा मात्र अगदी तोकडा. त्यात कोणत्या माशाला किती केसांचा दोरा, याचा हिशेबच मांडला आहे. बोटभर मासोळीला एक केस, पर्चला चार, ट्राउटला नऊ, थोराड ट्राउटला बारा आणि सामनला पंधरा. पाण्याचा रंग आणि ऋतू पाहून केस कसे रंगवावेत, पीळ देण्याचे लहानसे यंत्र कसे करावे, हेही सांगितले आहे. शेपटीचा केस हात-दीड हातांहून लांब नसतो, त्यामुळे पिळलेले तुकडे एकापुढे एक जोडावे लागत. त्यासाठी प्रबंधाने ‘पाणगाठ’ सुचवली. काठीकडे जाड आणि गळाकडे बारीक होत जाणारा दोरा अशाच जोडकामातून घडत असे.

केसाचा दोरा आज वाटतो तितका कच्चा नव्हता. त्याला थोडा ताण सोसतो, पाण्यात तो लवकर कुजत नाही, आणि खरखरीत असल्यामुळे गाठ धरून ठेवतो. मोठ्या माशापुढे मात्र त्याचे बळ अपुरे पडे. दोरा काठीच्या टोकालाच बांधलेला असे. वाढीव दोरा सोडायला रीळ सहसा नसे. आयझॅक वॉल्टनने १६५३ साली आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्या काळात मोठा मासा सुसाट निघाला तर काठीच पाण्यात टाकून द्यायची आणि मासा दमला की शोधून आणायची, असा उपाय होता.

केसाला पर्याय शोधण्याची धडपड इतिहासात एका अनपेक्षित ठिकाणी नोंदलेली सापडते. लंडनचा नौदल अधिकारी सॅम्युअल पीप्स याने मार्च १६६७ मधील रोजनिशीत लिहिले आहे की, सीझर नावाच्या त्याच्या परिचिताने मासे धरण्यासाठी रोगण लावलेली बारीक तात वापरून पाहिली. रोगणामुळे ती पाण्यात फुगत नाही, आणि केसापेक्षा बारीक असून बळकट निघते. हा सीझर ल्यूट या तंतुवाद्याचा शिक्षक होता. वाद्याच्या तारा हाताळणाऱ्या माणसाला ती कल्पना सुचावी, यात नवल नाही.

खरी क्रांती पुढच्या शतकात झाली, तीही रेशमाच्या किड्यामुळे. इंग्रजीत तिला ‘सिल्कवर्म गट’ म्हणतात. मराठीत रेशीम-तात म्हणता येईल, फक्त ही तात आतड्याची नव्हे हे ध्यानात ठेवावे लागते. कोष विणायला निघालेल्या किड्याच्या शरीरात रेशमाच्या द्रवाने भरलेल्या दोन लांबट ग्रंथी असतात. किडा नेमक्या त्या दिवसांत व्हिनेगरमध्ये भिजवतात, ग्रंथी बाहेर काढतात, आणि दोन्ही टोके धरून एका सपाट्यात ताणतात. हवेत आणलेला तो तंतू घट्ट होतो. मग त्यावरची पातळ साल काढून त्याला झिलई देतात. ज्या द्रवातून किड्याने शेकडो मीटर रेशीम काढले असते, त्यातून माणूस हातभरही नाही असा एक जाड, पारदर्शक, चिवट तंतू काढतो.

या धंद्याचे माहेर झाले स्पेनचा मुर्सिया प्रांत. तिथे या तंतूला ‘इखुएला’ म्हणत. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात जगभरच्या गळवाल्यांची आणि शल्यविशारदांची गरज मुर्सियातून भागत असे. कारण जखमा शिवायलाही हाच तंतू वापरला जाई. ग्रंथी ताणणाऱ्याच्या हातावर सारे अवलंबून होते. हळू ताणले तर तंतू जाड आणि आखूड होई, जोरात ताणले तर बारीक पण ठिकठिकाणी दुबळा. जाडीनुसार निवड करून जुड्या बांधल्या जात. अधिक बारीक तंतू हवा असेल तर पोलादी पट्टीच्या छिद्रातून तो ओढून काढत. एकदा ओढलेला तो ‘१ एक्स’, दोनदा ओढलेला ‘२ एक्स’. आजही माशीच्या आकाराच्या आमिषाने मासे धरणाऱ्यांच्या नायलॉन लीडरवर ‘४ एक्स’, ‘५ एक्स’ असे आकडे छापलेले असतात. पट्टी गेली, किडा गेला, मुर्सियाचा कारागीर गेला, आकडा तेवढा उरला.

रेशीम-तातीचे दोन दोष होते. पहिला, तुकडा आखूड. नऊ फुटांचा लीडर करायचा तर सात-आठ तुकडे जोडायचे, म्हणजे तितक्याच गाठी. दुसरा, कोरडी तात काचेसारखी ठिसूळ. कोरडीत गाठ मारली की ती तडकते. म्हणून आदल्या रात्री ती पाण्यात भिजत घालायची, आणि ओल्या नमद्याच्या चकत्या घातलेल्या पसरट डबीत ठेवून तळ्यावर न्यायची. आज जगातला कोणताही गळवाला गाठ आवळण्यापूर्वी ती जिभेने ओली करतो. कारण विचारले तर नायलॉनच्या घर्षणाने होणारी उष्णता सांगतो, आणि ते कारण खरे आहे. पण ओल्यानेच गाठ मारायची, ही सवय तातीच्या काळापासूनची आहे.

आखूड तुकडे एकमेकांना जोडण्याच्या निकडीतून एक उत्तम गाठ रूढ झाली. इंग्रजीत तिला ‘ब्लड नॉट’ म्हणतात. दोन तुकडे एकमेकांवर ठेवायचे, प्रत्येकाच्या टोकाने दुसऱ्याभोवती तीन-चार वेढे घ्यायचे, आणि दोन्ही टोके मधल्या फटीतून उलट दिशांनी बाहेर काढायची. ओढल्यावर ती लहानशा पिंपासारखी बसते. साध्या निरगाठीत दोरा एकाच ठिकाणी काटकोनात वळतो आणि तिथेच स्वतःला कापतो. वेढ्यांच्या गाठीत ताण एकेका वेढ्यागणिक थोडा थोडा उतरत जातो. शेवटच्या वळणापर्यंत पोचेस्तोवर त्याचा जोर संपलेला असतो. पुढे आलेली जवळजवळ प्रत्येक चांगली गाठ याच तत्त्वावर उभी आहे.

गळाला दोरा बांधण्याच्या गाठींचा इतिहास त्यामानाने अलीकडचा, कारण इंग्लंडातल्या बहुतेक बारीक गळांना नेढेच नसे. तंतू गळाच्या दांड्याला टेकवून त्यावर मेण लावलेल्या रेशमी धाग्याचे वेढे घालत, आणि गळ लीडरच्या तुकड्यासकट विकला जाई. तुकडा खराब झाला की गळही फुकट. १८७० च्या दशकाच्या अखेरीस हेन्री सिंक्लेअर हॉल यांनी सुबक नेढ्यांचे बारीक गळ प्रचारात आणले. इंग्लंडातले गळ मुख्यतः रेडिच या गावी होत, आणि ते गाव मुळात सुयांसाठी प्रसिद्ध. नेढे पाडण्याची विद्या तिथे पिढीजात होती. नेढे आले आणि माणसाला तळ्याकाठी उभ्या उभ्या गळ बदलता येऊ लागला. त्याबरोबर गळाच्या गाठींची गरज निर्माण झाली. मेजर टर्ल यांच्या नावाने ओळखली जाणारी गाठ याच काळातली.

एव्हाना अमेरिकेत बासची कथा निराळ्या वाटेने निघाली होती. केंटकीमधल्या पॅरिस नावाच्या गावी जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने १८१० ते १८२० च्या सुमारास दातेरी चाकांचे रीळ बनवले. मूठ एकदा फिरवली की रीळ अनेकदा फिरे. पुढे फ्रँकफर्टच्या मीक बंधूंनी ही कारागिरी वाढवली. अशा रिळावरून आमिष लांब फेकायचे तर दोरा बारीक, गोल आणि मऊ हवा. केसाच्या गाठी त्यात अडकतात. पिळाचा दोरा गुंततो. उत्तर मिळाले गुंफलेल्या रेशमी दोऱ्यात. सिनसिनाटीत १८८१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुक ऑफ द ब्लॅक बास’मध्ये डॉक्टर जेम्स हेन्शल यांनी बासला ट्राउट-सामनच्या पंक्तीत मानाने बसवले आणि त्याच्यासाठी हलकी काठी, उत्तम रीळ व गुंफलेला रेशमी दोरा यांचा पुरस्कार केला. तोवर बास हा गावठी मासा गणला जाई.

रेशमी दोऱ्याची निगा राखणे हे एक व्रतच होते. संध्याकाळी घरी आल्यावर सगळा दोरा रिळावरून उतरवून चौकटीवर वाळवावा लागे. ओलाच राहिला तर बुरशी धरून कुजे. शिवाय तो अपारदर्शक. गढूळ पाण्यात आणि कमळपानांच्या गर्दीत लपलेल्या लार्जमाउथला त्याचे काही वाटत नसे, परंतु स्वच्छ, खडकाळ पाण्यातला स्मॉलमाउथ दोरा पाहून बिचकतो. तिथे रेशमी दोऱ्याच्या टोकाला रेशीम-तातीचा लीडर जोडावा लागे. म्हणजे दोन्ही तुकडे एकाच किड्याचे, एक त्याने विणलेल्या कोषातून उकललेला आणि दुसरा त्याला कोष विणू न देता काढलेला.

२८ फेब्रुवारी १९३५ रोजी ड्यू पाँ कंपनीच्या डेलावेअरमधील प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोथर्स यांच्या गटाने नायलॉन तयार केले. कॅरोथर्स दीर्घकाळ नैराश्याने ग्रासलेले होते. एप्रिल १९३७ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. आपल्या शोधाची जाहीर घोषणा त्यांना पाहता आली नाही. ती ऑक्टोबर १९३८ मध्ये झाली. नायलॉन म्हटले की स्त्रियांचे मोजे आठवतात, पण मोजे सर्वत्र विक्रीला आले मे १९४० मध्ये. त्याआधी, १९३८ सालीच, ते बाजारात आले होते दात घासायच्या ब्रशातले केस म्हणून. ब्रशाचा एक केस लांबवला की लीडरच होतो, आणि लीडरही लवकरच विक्रीला आले.

इतिहासाची चाकेही त्याच सुमारास नायलॉनच्या बाजूने फिरली. स्पेनमध्ये १९३६ ते १९३९ यादवी युद्ध चालले आणि मुर्सिया अगदी अखेरपर्यंत प्रजासत्ताकाच्या ताब्यात होते. पुढे जपानशी संबंध बिघडल्यावर अमेरिकेला होणारा कच्च्या रेशमाचा पुरवठा बंद पडला. रेशीमही नाही, तातही नाही. नायलॉन मात्र युद्धकाळात पॅराशूट आणि दोरखंडांसाठी राखून ठेवले गेले. युद्ध संपल्यावर ते मुबलक मिळू लागले आणि काही वर्षांत मुर्सियाचा धंदा आटला. ग्रंथी ताणणाऱ्या हातांची ती कला शिकायला पुढे कोणाला कारण उरले नाही.

गळवाल्यांना नायलॉनने प्रथम आनंद दिला आणि लगेच धडा. हवा तितका लांब, सलग, न कुजणारा दोरा! भिजत घालणे नको, वाळवणे नको. पण तातीत दशकानुदशके पक्क्या राहिलेल्या गाठी त्यात सुटू लागल्या. कारण पदार्थाच्या स्वभावात होते. ओली तात किंचित चिकट असते आणि आवळली की एकमेकींत रुतून बसते. नायलॉन गुळगुळीत असते, आणि ताणले की तुटण्यापूर्वी २० ते ३० टक्के लांबते. लांबताना बारीक होते, बारीक झाल्यावर गाठीची पकड ढिली पडते आणि टोक निसटते. चांगला मासा जातो, आणि परत आलेल्या दोऱ्याच्या टोकाला कुरळी पडलेली दिसते. तुटल्याची खूण नसते. निरगाठ मारली असे समजून माणूस प्रत्यक्षात सुरगाठ मारत होता.

इंग्लंडमध्ये स्टॅनली बार्न्स यांचे गळाच्या गाठींवरचे पुस्तक १९४७ साली निघाले. त्याच्या शीर्षकातच तात आणि नायलॉन ही दोन्ही नावे शेजारी शेजारी आहेत. एका पिढीच्या हातात त्या वेळी दोन्ही पदार्थ होते आणि प्रत्येकाचे व्याकरण वेगळे होते. नायलॉनसाठी वेढे वाढवले गेले. तीनाच्या जागी पाच. गळाच्या नेढ्याला बांधायच्या ‘क्लिंच’ गाठीत टोक आणखी एका फासातून ओवून घेण्याची पद्धत आली. तीच ‘सुधारित क्लिंच’. असंख्य अमेरिकी मुलांनी आयुष्यातली पहिली गाठ म्हणून हीच शिकली.

सुरुवातीचे जाड नायलॉन तारेसारखे ताठ होते, केंटकी पद्धतीच्या फिरत्या रिळावर ते उसळून गुंता करी. त्याला जोडीदार मिळाला युरोपातून. इंग्लंडमधले कापडगिरणीवाले आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी १९०५ साली स्थिर रिळाचे पेटंट घेतले होते. गिरणीतल्या बॉबिनच्या टोकावरून सूत जसे सुटते, तसा या रिळावरून दोरा सुटतो. रीळ स्वतः फिरत नाही. महायुद्धानंतर फ्रान्समधली मिचेल रिळे अमेरिकेत पोचली आणि एकपदरी नायलॉन घरोघरी गेले. मुंबई-कोकणातही गळाचा हा दोरा पोचला. तिथे त्याला तंगूस म्हणतात, आणि गरी टाकणाऱ्यांइतकाच तो मणी ओवणाऱ्यांच्या ओळखीचा आहे.

१९६७ साली अलाबामाच्या रे स्कॉट यांनी बास पकडण्याच्या स्पर्धांना संघटित रूप दिले आणि छंदाचा व्यवसाय झाला. १९७२ पासून त्यांनी पकडलेला मासा जिवंत परत सोडण्याचा आग्रह धरला. यानंतर दोऱ्याच्या निवडीला नवा अर्थ आला. फार बारीक दोऱ्यावर मासा खेळवत ठेवला तर तो थकून जातो आणि सोडल्यानंतरही दगावू शकतो. दोरा तुटला तर तोंडात गळ घेऊन जातो. ‘जितका बारीक दोरा तितका मोठा खिलाडूपणा’ हा सतराव्या शतकापासूनचा दिमाख त्यामुळे उलटा पडला. तो दिमाख आधीही माशाच्या जिवावरच होता, ही गोष्ट वेगळी.

आणखी दोन पदार्थ आले. जपानच्या कुरेहा कंपनीने १९७१ साली फ्लुओरोकार्बनचा दोरा बनवला. प्रकाश पाण्यात वळतो त्याचा अंक १.३३, या दोऱ्याचा सुमारे १.४२, नायलॉनचा १.५३ च्या आसपास. अंक पाण्याच्या जितका जवळ तितका दोरा कमी दिसतो. प्लूटार्कच्या पांढऱ्या केसांचे काम आता रसायनाने उचलले. हा दोरा पाण्याच्या पावणेदोनपट जड असल्याने बुडतो आणि खडकावर घासला तरी टिकतो. दुसरा पदार्थ हॉलंडचा. डीएसएम कंपनीच्या संशोधकांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस अतिदीर्घ रेणूंच्या पॉलिथिलीनपासून जेलच्या अवस्थेत तंतू ओढण्याची रीत शोधली. गोळी अडवणाऱ्या जाकिटांत तोच तंतू असतो. १९९० च्या दशकात त्याचे गुंफलेले दोरे बासवाल्यांच्या रिळांवर आले. जाडी नायलॉनच्या निम्म्याहून कमी, ताण जवळजवळ शून्य, आणि घनता ०.९७, म्हणून तो तरंगतो.

गाठींचा अनर्थ पुन्हा घडला, या खेपेस अधिक वेगाने. पॉलिथिलीन नायलॉनहून कितीतरी निसरडे. सुधारित क्लिंच त्यावरून अलगद घसरून जाई. पन्नास पौंडांचा दोरा बांधला आहे या भरवशावर लोकांनी जोर लावला आणि गळ, आमिष, मासा सारेच गमावले. तेव्हा ‘पालोमार’ या साध्या गाठीचे महत्त्व वाढले. तीत दोरा दुहेरी करूनच नेढ्यातून काढतात, त्यामुळे पकड दुप्पट होते आणि फासातून गळ पुरा ओवल्यावर सुटायला वाट राहत नाही. दोन निरनिराळे दोरे जोडायला फ्लोरिडाचे लेखक विक डनवे यांनी लोकप्रिय केलेली ‘युनी’ गाठ दुहेरी करून वापरतात. गुंफलेल्या दोऱ्याच्या बाजूला वेढे अधिक, लीडरच्या बाजूला कमी. फ्लोरिडाचेच वाटाडे जिमी ऑलब्राइट यांच्या नावाची गाठ जाड-बारीक दोऱ्यांच्या जोडाला बरी.

आजचा बासवाला दोरा निवडतो तेव्हा या साऱ्या थरांतून निवडतो. कमळपानांखाली आणि दाट पाणवनस्पतींत लार्जमाउथ शोधायचा तर ५० ते ६५ पौंडांचा गुंफलेला दोरा थेट गळाला पालोमारने बांधावा. तिथे माशाला दोरा दिसत नाही, आणि मासा लागताच झाडोऱ्यातून खेचून काढावा लागतो. स्वच्छ पाण्यात स्मॉलमाउथसाठी स्थिर रिळावर १० ते १५ पौंडांचा गुंफलेला दोरा, पुढे ६ ते १० पौंडांचा फ्लुओरोकार्बन लीडर. पाण्याच्या पृष्ठावर चालणाऱ्या आमिषाला फ्लुओरोकार्बन नको, ते आमिषाचे तोंड खाली ओढते. तिथे नायलॉन अजून चांगले. तीन काटे असलेल्या, सतत ओढत आणायच्या आमिषालाही नायलॉनचाच थोडा सैलपणा उपयोगी, कारण माशाच्या मऊ तोंडातून काटा उचकटत नाही. लीडर गुंफलेल्या दोऱ्याहून कमी ताकदीचा ठेवण्यात आणखी एक हिशेब असतो. अडकून तोडायची वेळ आली तर तुटणे गळाजवळ व्हावे आणि पन्नास हात दोरा पाण्यात राहू नये.

जपानमध्ये बास नेला तेत्सुमा आकाबोशी या उद्योजकाने, १९२५ साली, हाकोने येथील आशी सरोवरात. पुढे तो देशभर पसरला आणि बिवातल्या मूळच्या माशांवर तुटून पडला. कुरितांचा विक्रमी मासा जिवंत ब्लूगिलच्या आमिषाला लागला होता. ब्लूगिलही अमेरिकेचाच, १९६० साली शिकागोच्या महापौरांकडून तत्कालीन युवराज अकिहितो यांना भेट मिळालेला, आणि त्याच्या प्रसाराबद्दल सम्राट या नात्याने त्यांनी २००७ साली जाहीर खेद व्यक्त केला. बिवाच्या शिगा प्रांतात २००३ पासून पकडलेला बास वा ब्लूगिल परत पाण्यात सोडायला मनाई आहे; काठावर ते टाकण्यासाठी पेट्या ठेवलेल्या असतात. अलाबामात जो शिष्टाचार, तो शिगामध्ये अपराध.

अमेरिकेतल्या धक्क्यांवर निराळ्या पेट्या दिसतात. फ्लोरिडात आणि इतरत्र खांबांना वाकड्या तोंडाच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या नळ्या बसवलेल्या असतात, टाकाऊ दोरा त्यांत टाकण्यासाठी. केसाचा आणि तातीचा दोरा पाण्यात राहिला तर कालांतराने कुजून जाई. नायलॉन दशकानुदशके राहते. त्यात बगळे, पाणकावळे आणि कासवे अडकून मरतात. नळीत जमा झालेले एकपदरी नायलॉन वितळवून पुन्हा वापरतात. गुंफलेला दोरा मात्र तिथे टाकू नये, अशी सूचना असते. त्याला वितळवून परत घेण्याची सोय तिथे नाही. तो बारीक तुकडे करून कचऱ्यात टाकायचा.